जाळ नंतर, धूर आधी: झोपायच्या खोलीतल्या आगीबद्दल तुमचे प्रश्न

घरातल्या आगीबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, तर पत्रांचा ढीगच आला. बऱ्याच जणांचा प्रश्न एकच, सिलिंडर कुठला घेऊ, म्हणजे तो लाल आग विझवायचा. सांगतो पुढं, पण खरं तर ती शेवटची गोष्ट आहे. आपलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं तेव्हा अख्ख्या कोल्हापूरच्या जिवाला चटका लागला, पण ती आग सगळ्यांना दिसली तरी. घरातली आग आपण घोरत असताना गादीच्या नाहीतर कॉटच्या मागं कुठंतरी धुमसत सुरू होती. आपण कौतुकानं म्हणतो ना, जाळ आणि धूर संगटच, तसं रात्री नसतंय, धूर आधी येतो आणि झोपलेल्या माणसाला वासानं जाग येईलच याची काही गॅरंटी नाही, उलट त्या धुरातल्या गॅसनं झोप आणखी गाढ होते. घरातल्या आगीत माणसं भाजून जातात त्याहून जास्त धुरानं जातात. त्यामुळं माझं म्हणणं साधं आहे, ज्या खोलीत सगळे झोपणार तिथं जळणारं किंवा तापणारं काहीही चालू ठेवून डोळे मिटायचे नाहीत. आता एकेक प्रश्न घेतो, भाषा तुमचीच ठेवली आहे, फक्त थोडी कापलीय.

प्रश्न (राजारामपुरी): बेडरूममध्ये एकच प्लग पॉइंट आहे तो पण बेडच्या मागं. त्याला एक्स्टेंशन बोर्ड लावून टीव्ही, दोन मोबाईल, डासांचं लिक्विड मशीन आणि पावसाळ्यात मुलांचे युनिफॉर्म वाळवायला हिटर, एवढं चालतं. बोर्ड कधीकधी गरम लागतो. पण एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, कधी पडली नाही, म्हणजे लोड झेपतोय असंच ना?

उत्तर: नाही ओ, इथंच सगळे फसतात. हिशोब करून बघा, वॅटला २३० नं भागलं की ॲम्पिअर निघतात. तुमचा हिटर २००० वॅटचा असला तर तो एकटाच पावणेनऊच्या आसपास ॲम्पिअर ओढतो. आणि बाजारात मिळणारे साधे एक्स्टेंशन बोर्ड ६ ॲम्पिअरचे असतात, म्हणजे १३८० वॅटपर्यंतचे, पाठीमागं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा एकदा. आता त्या लाईनवर एमसीबी असेल १६ ॲम्पिअरची. तिच्या हिशोबानं नऊ-दहा ॲम्पिअर म्हणजे काहीच नाही, ती कशाला पडेल? एमसीबी भिंतीतली वायर सांभाळते, तुमचा बोर्ड आणि त्याची बारीक वायर सांभाळायचं काम तिचं नाही. म्हणजे बोर्ड आतून वितळत असतो आणि डीबीमधली, म्हणजे मेन बोर्डातली, एमसीबी निवांत असते.

दुसरं म्हणजे लूज कॉन्टॅक्ट. प्लग घालून काढून घालून काढून आतली पितळेची पट्टी सैल होते, मग करंट जायला जागा कमी पडते आणि तिथंच उष्णता तयार होते, आणि ही उष्णता करंटच्या पटीत वाढत नाही, वर्गात वाढते, करंट दुप्पट तर उष्णता चौपट. मी वायरिंगची कामं करतो, असे बोर्ड कितीतरी उघडून बघितलेत, बाहेरून पांढरेशुभ्र आणि आत एका होलभोवती तपकिरी कडं, पट्टी काळीनिळी पडलेली, वायरचं प्लॅस्टिक बिस्किटासारखं कडक होऊन हात लावला की गळून पडतं. अशा लूज कॉन्टॅक्टला एमसीबी पण पडत नाही आणि ईएलसीबी पण पडत नाही, कारण ना करंट जास्त आहे ना कुठं लीक होतोय. ईएलसीबी, म्हणजे हल्ली आरसीसीबी म्हणतात ती ३० मिलिॲम्पिअरची, घरात पाहिजेच पाहिजे, शॉक लागून माणूस जायचा वाचतो, पण ती बसवली म्हणजे आगीचा प्रश्न मिटला असं नाही.

मग करायचं काय, तर वायरमन बोलवा, अडीच स्क्वेअर एमएमच्या कॉपर वायरनं १६ ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट ओढून घ्या, आणि तो बेडच्या मागं नको, डोळ्यासमोर दिसेल असा घ्या. बेडच्या मागचा प्लग गादीनं दाबला जातो, वाकतो, वर गोधडी पडते, धूळ साठते, कुणी महिनोन्महिने बघत नाही. तोवर हिटर त्या बोर्डाला लावू नका. आणि हिटरवर कपडे वाळत घालायचं तर डोक्यातूनच काढा, जळणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून हिटर तीन फूट लांब पाहिजे. आषाढात आपल्याकडं आठ-आठ दिवस ऊन नसतं हे मलाही माहीत आहे, दोरी हॉलमध्ये बांधा, कपडे चांगले पिळून फॅन लावा, अर्धवट ओलं राहिलेलं सकाळी इस्त्रीनं वाळतं. टीव्ही, मोबाईल आणि मशीन बोर्डावर चालू दे, त्यांचा लोड किरकोळ असतो. मशीनची रिफिल संपली असेल तर मात्र प्लगमधून काढून ठेवा. आणि प्लगच्या इथनं जळकट किंवा मासळीसारखा वास आला किंवा चिर्र आवाज आला तर उद्या बघू म्हणू नका, मेन बंद करा.

प्रश्न (मंगळवार पेठ, आजीबाईंचं पत्र): आमचं घर दोन खोल्यांचं. देव्हारा आतल्या खोलीत आणि रात्री तिथंच आम्ही निजतो. नवरात्रात नऊ दिवस अखंड दिवा असतो, माझ्या सासूबाईंपासून चालत आलंय. नातू म्हणतो रात्री दिवा विझव, धोका आहे. मला ते पटत नाही. तुम्ही सांगा.

उत्तर: आजी, नातवाचं म्हणणं खोटं नाही आणि तुमचं पण चुकीचं नाही. दिवा विझवा असं मी सांगणार नाही, दिव्याची जागा तेवढी बदला. घट आणि दिवा नऊ दिवस बाहेरच्या सोप्यात मांडा, जिथं खाली फरशी आहे आणि अंथरुणं-पांघरुणं नाहीत. अंबाबाई काही आतल्याच खोलीत बसते असं नाही. दिवा मोठ्या पितळी परातीत ठेवायचा आणि परातीत बोटभर पाणी घालायचं, म्हणजे वात पडली काय किंवा तेल सांडलं काय, पाण्यातच जातंय. वर काचेची चिमणी ठेवा, वाऱ्यानं ज्योत हलत नाही आणि पदर पण लांब राहतो. आणि सगळ्यात मोठा चोर म्हणजे उंदीर! जुन्या पेठांतल्या घरांत हे नवीन नाही, तेलाच्या वासानं येतो आणि जळती वातच तोंडात धरून ओढत नेतो, मग ती कुठं टाकेल, अडगळीत का कपड्यांच्या बोचक्यात, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पाण्याची परात आणि चिमणी असली की त्याचं काही चालत नाही.

दिव्याभोवती थर्माकोलचं मखर आणि प्लॅस्टिकचं तोरण मात्र अजिबात नको. झेंडूची ताजी माळ घाला की, चांगली पण दिसते. पण तीही ज्योतीच्या वर लोंबायला नको, आठ दिवसांत वाळून कडकडीत होते. रात्रीचं तेल झोपताना भरू नका, आधीच संध्याकाळी भरा, कारण झोपेच्या डोळ्यांनी तेल ओतताना सांडतं. आणि नातवाला एक काम द्या, रात्री पाण्याला उठतो तेव्हा दिवा बघून यायचं. तक्रार करणाऱ्यालाच राखणीला बसवलं की तक्रार पण कमी होते.

प्रश्न (करवीर तालुका): मी बाळंतपणाला माहेरी आलेय. आई आणि आजी रोज बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवतात, ओवा-शेपा टाकून धुरी देतात, थंडी लागायला नको म्हणून खिडक्या बंद. काल माझं डोकं फार दुखलं आणि मळमळलं, आजी म्हणते ते बाळंतपणामुळं असतंय. काही धोका आहे का?

उत्तर: ताई, धोका आहे, आणि हे उत्तर वाचून झालं की पहिलं आजीला वाचून दाखवा. कोळसा बंद खोलीत जळाला की कार्बन मोनॉक्साईड नावाचा गॅस तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. ओव्याचा वास येतो म्हणून आपल्याला वाटतं धूर बरा आहे, पण घात करणारा गॅस त्याच्यासोबत गुपचूप असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, मग शरीराला ऑक्सिजनच मिळत नाही. डोकं दुखणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं वाटणं, झोप येणं ही त्याचीच लक्षणं असू शकतात. शेगडी असतानाच दुखतंय आणि बाहेर अंगणात आलं की बरं वाटतंय असं होत असेल तर शंका पक्की धरा. लगेच दारं-खिडक्या उघडून बाळाला घेऊन बाहेर या, आणि हे डॉक्टरांना आजच सांगा, उद्या नको. भोवळ आली किंवा बाळ नेहमीपेक्षा जास्त सुस्त वाटलं, नीट अंगावर पीत नाही असं झालं तर थेट १०८ लावा.

आगीचं तर वेगळंच. बाज, त्यावर सुती गोधडी, तिचं टोक खाली लोंबतंय, आणि खाली फुललेले निखारे. तुम्ही औषध घेऊन झोपलाय, आई चहा ठेवायला आत गेलीय. पुढचं काय मी लिहायला पाहिजे असं नाही.

आता आजीचं मन कसं वळवायचं? शेकायचं बंद करा म्हणू नका, भांडण होईल. शेक पाहिजे तर गरम पाण्याची पिशवी आहे, तव्यावर गरम केलेली सुती घडी आहे, अंघोळीला कढत पाणी आहेच. खोली ऊबदार पाहिजे तर तुम्ही आत येण्याआधी खिडकी उघडी ठेवून खोली तापवून घ्या आणि शेगडी बाहेर नेऊन मग झोपा. बाळाला धुरी तर नकोच, कसलीच नको, इवल्या फुप्फुसांना धूर सोसत नाही, बालरोगतज्ज्ञ पण हेच सांगतात. आजीनं तुमच्या आईला असंच वाढवलं हे खरं, पण तेव्हाची घरं कौलारू होती, कौलांच्या फटीतून धूर निघून जायचा. तुमच्या स्लॅबच्या खोलीला ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आहेत, त्या लावल्या की हवेला वाटच नाही.

प्रश्न (कॉलेजचा विद्यार्थी, कसबा बावडा): रात्री मोबाईल चार्जिंगला लावून उशीखाली ठेवतो. सगळेच ठेवतात. खरंच काही होतं का?

उत्तर: रोज होत नाही म्हणून तर सगळे ठेवतात भावा. चार्ज होताना बॅटरी तापते, ती उष्णता बाहेर जायला पाहिजे, तू वरनं कापसाची उशी ठेवतोस. फुगलेली बॅटरी, तुटकी पिन, रस्त्यावरचा स्वस्तातला चार्जर, यातलं एक जरी असलं तरी विषय गंभीर. टेबलावर किंवा फरशीवर ठेव, झोपायच्या आधी चार्ज करून काढ. अलार्म लांबून वाजला तर उठशील पण.

प्रश्न (फुलेवाडी): सासरे ७८ वर्षांचे आहेत. पलंगावर पडून बिडी ओढतात, एकदा चादरीला भोक पडलेलं मी बघितलं. सांगितलं तर चिडतात. आता डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय. काय करू?

उत्तर: वैनी, चादरीला पडलेलं भोक म्हणजे पुढच्या आगीची सूचना आधीच आली समजा. कापसाच्या गादीत ठिणगी गेली की ती लगेच पेटत नाही, आतल्या आत तास-दोन तास धुमसते, तोवर घर झोपलेलं असतं. फोमच्या गादीचं उलटं, ती एकदा धरली की काही मिनिटांत खोली भरून काळा धूर काढते आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साईडसोबत सायनाईडचा गॅस पण असतो. दोन्ही गाद्या वाईटच, फक्त तऱ्हा वेगळी.

ऑक्सिजन मशीन लागलं की मात्र चर्चाच संपली. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथं बिडी नाही, काडी नाही, उदबत्ती नाही, निरांजन नाही, कुणीही नाही, सासऱ्यांनीच नाही तर भेटायला आलेल्या पाव्हण्यांनी पण नाही. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण बाकी सगळं भडकवतो, आणि तो चादरीत, शर्टात, दाढीमिशीत मुरून राहतो, म्हणजे मशीन बंद केल्या केल्या बिडी पेटवली तरी चेहरा भाजतो. हे तुम्ही सांगू नका, तुमचं ऐकणार नाहीत. डॉक्टरांनाच सांगा त्यांच्या तोंडावर स्पष्ट बोलायला, आणि सोबत त्यांचा एखादा जुना मित्र न्या, कट्ट्यावरचा. सून सांगते ते नियम वाटतात, मित्र सांगतो ते शहाणपण.

मशीन येईपर्यंत तरी बिडी अंगणात खुर्चीवर बसूनच, बसलेला माणूस डुलकी लागली तर जागा होतो, पडलेला होत नाही. शेजारी पाण्यानं अर्धा भरलेला तांब्या, थोटूक त्यात. काडेपेटी रात्री तुमच्याकडं. गादीला ठिणगी लागलीच तर वरवर पाणी शिंपडून सोडून देऊ नका, आधी शेजारचे प्लग बंद करून बादल्यांनी आरपार भिजवा, मग घराबाहेर नेऊन टाका, आणि परत घरात आणू नका, विझली वाटलेली गादी पहाटे परत पेटते. आणि खोलीत धूर भरलाच असेल तर गादीचं राहू दे, माणूस बाहेर काढा आणि दार ओढून घ्या.

प्रश्न (ताराबाई पार्क, अपार्टमेंटचे सेक्रेटरी): प्रत्येक फ्लॅटमध्ये कोणता सिलिंडर घ्यावा? आणि तो छतावर लावायचा धुराचा अलार्म आपल्याकडं उपयोगाचा आहे का, आपण तर रोज धूप जाळतो.

उत्तर: सिलिंडर एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा, दोन किलोचा घ्या, आजीला पण उचलता आला पाहिजे. त्याच्यावरच्या मीटरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघत जा. वापरायचं असं, पिन ओढा, नळी जाळावर नाही तर जाळाच्या बुडाशी धरा, दांडी दाबा आणि डावीकडून उजवीकडं फिरवा. पण लक्षात घ्या, दोन किलोचा सिलिंडर आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. म्हणजे तो कचऱ्याच्या डब्याएवढ्या आगीसाठी आहे, पडदे आणि पलंग धरले असतील तर तो हातात घेऊन हिरो व्हायचं नाही, बाहेर पडायचं. म्हणूनच त्याची जागा बाहेर पडायच्या दाराजवळ, बेडरूमच्या कोपऱ्यात नाही, म्हणजे पाठीमागं पळायला वाट राहते.

अलार्मबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत, मला विचाराल तर दोन्हीतलं एकच परवडत असेल तर आधी अलार्म घ्या. सिलिंडर जाग्या माणसाच्या कामाचा, अलार्म झोपलेल्याच्या. छताला लावायचा, झोपायच्या खोल्यांच्या बाहेर एक, आणि दार लावून झोपत असाल तर आत पण एक, फॅनच्या वाऱ्यात आणि किचनला लागून नको. महिन्याला बटण दाबून वाजतोय का बघायचं, दहा वर्षांनी बदलायचा. धुपानं वाजतो कधीकधी, मग देव्हाऱ्यापासून लांब हलवा. पण लोक काय करतात, एकदा वाजला की सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घालतात.

आणि सेक्रेटरी आहात म्हणून, महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. ज्या इमारतींत तो अग्निशमन यंत्रणा बसवायला लावतो तिथं ती चालू ठेवायची जबाबदारी मालकाची नाहीतर सोसायटीची, आणि परवानाधारक एजन्सीकडनं तपासून वर्षातनं दोनदा, जानेवारी आणि जुलैत, फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. नुसता कागद घेऊ नका, त्या दिवशी गच्चीवरचा पंप चालू करून जिन्यातला होज उलगडून दाखवा म्हणा. बऱ्याच ठिकाणी होजच्या पेटीत झाडू आणि बादल्या सापडतात.

प्रश्न (शिवाजी पेठ): आमचा जुना लाकडी वाडा. वर माडीवर आम्ही पाच जण झोपतो, दोन मुलं लहान. उतरायला एकच लाकडी जिना, खिडक्यांना गज. रात्री चोराच्या भीतीनं खालच्या दाराला आतनं कुलूप. आग लागली तर कसं बाहेर पडायचं हा विचार केला की झोप उडते.

उत्तर: झोप उडाली ते बरंच झालं म्हणा, कारण वाड्यात सगळ्यात आधी धुराची वाट म्हणजे तो जिनाच, धूर वर चढतो आणि जिना त्याला धुराड्याचं काम देतो. म्हणजे खाली आग लागली तर तुमची एकुलती एक वाट आधी जाते. त्यामुळं दुसरी वाट तयार करायची. एका खिडकीचे गज कापून तिथं आतनं उघडणारी झडप बसवून घ्या, वेल्डिंगवाला एका दिवसात करून देतो, कुलूप न लावता आतली कडी पुरे, आणि ती खिडकी अशी निवडा की शेजारच्या पत्र्यावर किंवा गच्चीवर उतरता येईल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा नाहीतर ते चोर समजून काठी घेऊन येतील. पेठेतली घरं एकमेकांना चिकटून आहेत हा तोटा पण आहे आणि असा फायदा पण.

खालच्या कुलपाची किल्ली कपाटात, पर्समध्ये, उशाखाली असं कुठं नाही, कुलपाजवळच एका खिळ्याला अडकवा, बाहेरून खिडकीतून हात पोचणार नाही अशा बेतानं, आणि ती तिथनं कुणीही हलवायची नाही. जिन्याखाली जळण, रद्दी, पेंटचे डबे, गाडीचं पेट्रोल असलं काही असेल तर उद्याच्या उद्या काढा.

रात्री झोपताना खोलीचं दार लावून घेत जा. आपल्याकडं वारा पाहिजे, पोरांचा आवाज ऐकू यायला पाहिजे म्हणून दारं उघडी टाकतात, मला ते समजतं, पण बंद लाकडी दार धुराला आणि जाळाला बराच वेळ थोपवून धरतं आणि तेवढाच वेळ आपल्याला पाहिजे असतो.

धुराचा वास येऊन जाग आली तर उभं राहायचं नाही, पलंगावरनं खाली घसरायचं, कारण श्वास घेण्यासारखी हवा जमिनीलगत राहते. रांगत दारापर्यंत जायचं, दाराला तळहात नाही तर हाताची मागची बाजू लावून बघायची. गरम लागलं तर दार उघडायचंच नाही, फटीत ओली चादर कोंबायची आणि खिडकीच्या वाटेला लागायचं, टॉर्च हलवायची, बोंब मारायची. गार असलं तर हळू उघडून निघायचं आणि निघताना मागची दारं ओढून घ्यायची. अंगावर कपडा पेटला तर पळायचं नाही, जमिनीवर पडून लोळायचं. सोनं, कागदपत्रं, मोबाईल यासाठी परत आत जायचं नाही, कुणी कितीही रडलं तरी.

पोरांचं वेगळं सांगतो. लहान पोरं भ्याली की लपतात, पलंगाखाली, कपाटात, गोधडीत, आणि मग अग्निशमनवाल्यांना सापडत नाहीत. त्यांना सांगून ठेवा की आगीत लपायचं नाही, बाहेर पळायचं आणि समोरच्या तालमीच्या दारात जाऊन उभं राहायचं. सगळ्यांनी तिथंच जमायचं, म्हणजे कोण राहिलं ते मोजता येतं. एखाद्या रविवारी संध्याकाळी लाईट घालवून डोळे झाकून एकदा करून बघा, पोरांना खेळ वाटतो आणि आपल्याला कळतं की किल्ली अंधारात सापडत नाही.

फोन १०१ किंवा ११२. नुसतं आग लागलीय लवकर या असं ओरडून फोन ठेवू नका, पेठ, गल्ली, जवळची तालीम किंवा देऊळ, कितवा मजला, कोण अडकलंय हे सांगा आणि एकाला मेन रोडवर गाडी दाखवायला उभा करा. आणि बंब गल्लीत शिरायचा असेल तर दोन्ही बाजूला लावलेल्या बुलेट आणि चारचाक्या हलवाव्या लागतात, तालीम मंडळाच्या बैठकीत एकदा हा विषय काढाच.

प्रश्न (सुतारवाडा): २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरांत घरात पाणी होतं. बोर्ड वाळवून परत चालू केले, व्यवस्थित चालतात. पण मुलं झोपतात त्या खोलीतला एक स्विच अधूनमधून तडतडतो.

उत्तर: तो स्विच आजपासून बंद, आणि त्या खोलीची एमसीबी पण. पंचगंगेचं पाणी नुसतं पाणी नसतं, गाळ असतो, तो स्विचच्या आत आणि भिंतीतल्या पायपात बसतो, पट्ट्यांना गंज चढतो, वरनं कोरडं दिसलं तरी दमट हवेत परत ओल धरतो. पाण्यात बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी हे वाळवून वापरायचे नसतात, बदलायचे असतात. वायरमनला सांगून वायरिंग मेगर लावून तपासून घ्या, म्हणजे कुठल्या वायरचं इन्सुलेशन गेलंय ते कळतं, आणि अर्थिंग पण बघून घ्या. आता काम काढताच आहात तर बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्या, खुण तुमच्या भिंतीवर असेलच अजून.

प्रश्न (शाहूपुरी): इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून वर आणतो आणि रात्रभर बेडरूममध्ये चार्ज करतो. खाली पार्किंगला पॉइंट नाही.

उत्तर: बेडरूममध्ये नको आणि बाहेर पडायच्या दारात पण नको. लिथियमच्या बॅटरीतला एक सेल बिघडला की तो शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला, आणि मग ती आग घरातल्या पावडरच्या सिलिंडरनं थांबत नाही, विझली वाटली तरी काही तासांनी परत पेटते. गॅलरीत फरशीवर, सावलीत, आजूबाजूला कपडे-पुठ्ठे नसतील अशा जागी, कंपनीच्याच चार्जरनं, आणि जागे असताना चार्ज करा. गाडी चालवून आल्या आल्या लगेच नको, बॅटरी गार होऊ दे. पडलेली, पाण्यात गेलेली, फुगलेली बॅटरी घरात घेऊच नका. फुसफुस आवाज किंवा धूर निघाला तर उचलून बाहेर टाकायला जाऊ नका, माणसं बाहेर काढा, दार ओढा, १०१. आणि सोसायटीला पार्किंगमध्ये मीटरसह पॉइंट मागा.

प्रश्न (उचगाव): भाजलं तर आमच्यात टूथपेस्ट लावतात, शेजारी हळद नाहीतर बर्फ म्हणतात. नेमकं काय?

उत्तर: तिन्ही नको. नळाचं साधं गार पाणी, वाहतं, २० मिनिटं, घड्याळ लावून. पाच मिनिटांत बरं वाटलं म्हणून बंद करू नका. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज चढायच्या आत काढा, चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. मग स्वच्छ सुती कपडा सैल झाकून दवाखाना. तोंड, हात किंवा सांधा भाजला असेल, लहान मूल असेल, किंवा धूर गेल्यामुळं आवाज बसलाय, खोकला थांबत नाही, नाकातले केस जळलेत असं दिसलं तर जखम छोटी वाटली तरी १०८ बोलवा, कारण अशा वेळी आतनं श्वासाची वाट सुजत असते.